पांढऱ्या हंसाची फूटपट्टी

सिनेमा संपला. पडद्यावर पोरगी मरायला टेकलेली. पोटात आरशाची काच घुसलेली, पांढऱ्या झग्यावर रक्ताचा डाग पसरत चाललेला, आणि ती म्हणतेय की आज सगळं अचूक जमलं. मग पडदा पांढराफटक. आतल्या टाळ्या. त्या थांबायच्या आधीच हॉलमधल्या टाळ्या सुरू झाल्या.

मी वाजवल्या नाहीत. पहिली पाळी करून तसाच आलो होतो. कानात अजून रिंगफ्रेमचा आवाज, मनगटाला कापूस चिकटलेला. शेजारी आमच्या वस्तीतली पोरगी बसली होती. मला दादा म्हणते, कविता लिहिते. मांडीवर तिची वही.

सिनेमा 'ब्लॅक स्वान'. २०१० सालचा, अमेरिकेचा. दिग्दर्शक डॅरेन ॲरोनॉफ्स्की, नायिका नताली पोर्टमन. या कामासाठी तिला २०११ साली ऑस्कर मिळालं. दाखवणारे शहरातले फिल्म क्लबवाले. नंतर एक साहित्यिक सर बोलायला उठले. त्यांचं नाव घेत नाही. नाव घेऊन उपयोग नाही, असे सर गावोगाव आहेत. ते म्हणाले, कला अशी असते, ती माणसाचा घास घेते. मग आमच्या रांगेकडं बघून म्हणाले, "आमच्या दलित कवींकडे वेदना आहे, राग आहे. पण ही साधना नाही. पूर्णत्वाची आस नाही."

पोरीनं वही महिनाभर आधी त्यांच्याकडं वाचायला दिली होती. त्याच संध्याकाळी त्यांनी ती परत केली होती. पानापानावर लाल शाईनं एकच शब्द : अपूर्ण. अपूर्ण. अपूर्ण. जाताना सल्ला दिला, आधी या नायिकेसारखी स्वतःला जाळायला शीक, मग लिही.

पोरीनं सल्ला अर्धा पाळला. स्वतःला जाळलं नाही, तिसऱ्या दिवशी वही बंबात घातली. तिच्या आईला अक्षर येत नाही. पण पोरगी काय जाळतेय ते तिला कळलं. तिनं चिमट्यानं वही बाहेर ओढली. ती अर्धी जळकी वही हे लिहिताना माझ्यासमोर आहे. म्हणून हे लिहितोय. सिनेमाचं परीक्षण लिहायची मला हौस नाही.

आधी सिनेमाचं माप त्याच्या पदरात घालतो. सिनेमा भंकस नाही. नीना नावाची नाचणारी पोरगी न्यूयॉर्कच्या एका बॅले कंपनीत आहे. कंपनी 'स्वान लेक' बसवतेय. त्यात पांढरा हंस आणि काळा हंस ही दोन्ही कामं एकीनंच करायची. पांढरा निष्पाप, काळा मोहात पाडणारा. नीना पांढऱ्यात चोख. काळा तिला जमत नाही. डायरेक्टर थॉमस लेरॉय तिला म्हणतो, तू फार नियमात नाचतेस, स्वतःला सोडून दे. सोडायला शिकवायच्या नावाखाली तो तिच्या तोंडाला तोंड लावतो. घरी आई. एके काळी स्वतः नाचणारी, पोटूशी राहिली म्हणून नाच सुटला. आता ती पोरीची नखं कापते, कपडे काढते, तिला ताब्यात ठेवते. नीना खाल्लेलं ओकून टाकते. पाठ खाजवून रक्त काढते. शेवटी तिला भास होतात, कातडीतून काळी पिसं उगवतात. दुसरीला भोसकलं असं तिला वाटतं, भोसकलेलं असतं स्वतःलाच.

मला त्यातले पाय आवडले. बॅलेत बोटांच्या टोकावर उभं राहतात. त्यासाठी साटीनचा जोडा, टोकाशी आत कापडाचे आणि खळीचे थर. नवा जोडा वाकवायचा, तळवा खरवडायचा, नाड्या शिवायच्या, तेव्हा तो पायात बसतो. मोठ्या कार्यक्रमात असला जोडा एका रात्रीत बाद होतो. पडद्यावर बोटं आणि नखं सोलवटलेली दिसली तेव्हा मी मान खाली घातली नाही. कामानं झिजलेलं शरीर मला ओळखू येतं. नीना कामगार आहे. ही गोष्ट हॉलमध्ये कुणी बोललं नाही. सगळे तिला कलावंत म्हणाले. कलावंत म्हटलं की मजुरी, पाळी, दुखापत आणि मालक हे चार शब्द आपोआप गळून पडतात.

आता माझा पहिला सवाल. फूटपट्टी कुणाच्या हातात?

नीना अचूक नाचते की नाही, हे ठरवतो लेरॉय. तिच्या आधी बेथ नावाची नायिका होती. ती कालपर्यंत अचूक होती, आज थकली म्हणून बाहेर. तिचं वय वाढलं हेही ठरवणारा तोच. पूर्णत्व पूर्णत्व म्हणून जे ओरडतात त्यांना विचारा, हे पूर्णत्व मोजलं कुणी? आमच्या गिरणीत सुताचं माप असतं. चाळीस नंबरचं सूत म्हणजे ठरलेल्या वजनात ठरलेली लांबी. मालकाला कमी वाटलं तर मला काटा दाखवता येतो. लेरॉयकडं काटा नाही. त्याची मर्जी हाच काटा. आणि जिथं मर्जी हाच काटा असतो तिथं खालच्या माणसाला कधीच पुरं भरता येत नाही. आपल्याला हे शिकवायला न्यूयॉर्कचा सिनेमा नको. आपल्या बापजाद्यांना गावात सकाळ-संध्याकाळ हेच माप लागलं.

दुसरा सवाल. ही फूटपट्टी घडली कुणाच्या हाडावर?

सरांना बॅले म्हणजे उच्चकुलीन कला वाटते. मी वाचनालयात बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं ते सांगतो. मॉस्कोत १७७३ साली अनाथाश्रमातल्या पोरांना नाच शिकवायला सुरुवात झाली. आजच्या जगप्रसिद्ध बोल्शोई बॅलेची शाळा आपली सुरुवात तिथून मोजते. म्हणजे ज्यांच्या मागं कुणी रडणारं नव्हतं त्यांच्या अंगावर हा नाच बसवला गेला. रशियात भूदास होते. जमिनीबरोबर विकली जाणारी माणसं. काउंट शेरेमेत्येव या बड्या जमीनदाराचं भूदासांचं नाटकघर होतं. नाचणाऱ्या-गाणाऱ्या पोरींना त्यानं रत्नांवरून आडनावं दिली. कुणी मोती, कुणी पिरोजा. जन्माचं नाव पुसून मालकाच्या डब्यातला दागिना केलं. १८०६ साली एका जमीनदाराची अख्खी भूदास नाटकमंडळी सरकारी थिएटरानं विकत घेतली. नाच येणारं माणूस, विकत. भूदासपण कायद्यानं गेलं १८६१ साली. 'स्वान लेक' रंगमंचावर आलं १८७७ साली, त्याच मॉस्कोत. मधे अवघी सोळा वर्षं.

पॅरिसला जा. एकोणिसाव्या शतकात तिथल्या ऑपेराघरात गरिबांच्या लहान पोरी नाच शिकायच्या. त्यांना लोक 'लहान उंदीर' म्हणायचे. वर्षाची वर्गणी भरलेल्या बड्या पुरुषांना नाचणाऱ्यांच्या खोलीत जायची मुभा असायची. कशासाठी ते मी लिहीत नाही, तमाशाच्या कनातीमागं कोण येतं ते आपल्याला ठाऊक आहे. लेरॉय आकाशातून पडलेला नाही. त्याच खोलीतून तो चालत आलाय.

तिसरा सवाल रंगाचा. पांढरा हंस शुद्ध, काळा हंस वासना. हे गणित कुणाला नवं वाटत असेल तर त्यानं आपल्या गावची वेस आठवावी. सिनेमा म्हणतो, दोन्ही रंग एकाच बाईत असतात. ठीक. पण सिनेमाबाहेर, खऱ्या बॅलेत, काळ्या कातडीच्या बाईला पांढरा हंस व्हायला किती वर्षं लागली?

जॅनेट कॉलिन्स. १९३० नंतरच्या दशकात, शाळकरी वयात, एका नामांकित कंपनीसमोर नाचून दाखवायला गेली. नाच पसंत पडला. म्हणाले, घेतो, पण तोंड पांढरं रंगवावं लागेल. ती नाही म्हणाली. घरी गेली, रडली, आणि पुन्हा सरावाला लागली. १९५१ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ती प्रमुख नर्तिका झाली. रेव्हन विल्किन्सन १९५५ साली त्याच कंपनीत गेली, पांढरा रंग फासून नाचली. दक्षिणेत कु क्लक्स क्लॅनच्या धाकापायी तिला मागं ठेवायला लागले. शेवटी तिला देश सोडून हॉलंडच्या कंपनीत नाचावं लागलं. अमेरिकन बॅले थिएटर १९४० पासून कार्यक्रम करतंय. तिथं पहिली काळी बाई सर्वोच्च पदाची नर्तिका झाली ती २०१५ साली. मिस्टी कोपलँड. आई आणि भावंडांबरोबर मोटेलच्या खोलीत राहिलेली. तेराव्या वर्षी नाच सुरू केला, तोही पोरांच्या क्लबातल्या बास्केटबॉलच्या मैदानावर.

आणि तिथं पोचल्यावर काय झालं? काळ्या हंसाच्या नाचात एका पायावर सलग ३२ गिरक्या घ्यायची रीत आहे. १८९५ साली पिएरिना लेन्यानी नावाच्या इटालियन बाईनं घेतल्या, तेव्हापासून ती फूटपट्टी. २०१८ साली सिंगापूरला मिस्टीच्या गिरक्या मधेच मोडल्या, पुढचा भाग तिनं वेगळ्या गिरक्यांनी पुरा केला. कुणीतरी ती चित्रफीत जगभर फिरवली. बघा, हिला बत्तीस येत नाहीत! पंचाहत्तर वर्षं दाराला कडी लावून बसलेले, दार उघडल्या-उघडल्या मोजायला बसले. तिनं ती चित्रफीत स्वतःच पुन्हा सगळ्यांसमोर ठेवली, आणि म्हणाली की मी यातून शिकेन, मी अजून शिकतेच आहे. दोस्तांनो, सरांनी ऑस्करवाल्या नीनापेक्षा ही बाई आमच्या पोरीला का सांगितली नाही? एक आरशाची काच पोटात घालून घेते. दुसरी आपली चूक हातात घेऊन उभी राहते. धाडस कुणाचं मोठं?

जोड्याचा रंगही बघा. साटीन फिकट गुलाबी, म्हणजे गोऱ्या पायाचा रंग. पाय आणि जोडा एकच रेघ दिसावी म्हणून. काळ्या नर्तिका वर्षानुवर्षं तोंडाला लावायचा रंग विकत घेऊन जोड्याला फासत आल्या. लंडनच्या फ्रीड कंपनीनं तपकिरी जोडे काढले ते २०१८ साली. या कंपनीत जोडे हातानं घडवणारे कारागीर आपलं नाव लिहीत नाहीत, तळव्यावर खूण उमटवतात. मासा, मुकुट, जहाजाचा नांगर. मोठमोठ्या नर्तिका 'मासा'चाच जोडा मागतात. मासा म्हणजे कोण, हे टाळ्या वाजवणाऱ्याला कळत नाही. आपल्यातल्या जोडे शिवणाऱ्यांनी यावर हसावं की रडावं ते ठरवावं.

आता आपल्या घरचं बोलतो, कारण धागा तिथंच जुळतो. माझा पणजा मुंबईत गिरणीत होता, रिंगखात्यात. विणाईखात्यात पगार जास्त. पण तिथं आपल्या माणसाला घेत नसत. कारण माहीताय? धोट्यात नवी कांडी भरली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागे. महाराच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? गिरणी यंत्राची, विटाळ गावचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा पुढाऱ्यांसमोर धरला. मजूर एक म्हणता, मग विणाईखातं आमच्या माणसांना उघडं करा. त्या काळी लोक काय म्हणत असतील? यांना विणाई येत नाही, हात बसलेला नाही. साच्याला हातच लावू द्यायचा नाही, आणि मग म्हणायचं हात बसलेला नाही! जॅनेट कॉलिन्सला दारात अडवलं ते याच अकलेनं. आणि आमच्या पोरीच्या वहीवर 'अपूर्ण' लिहिलं तेही याच अकलेनं. शाळा उशिरा, पुस्तक उशिरा, टेबलखुर्ची अजून नाहीच. आणि माप मात्र ज्याच्या घरात चार पिढ्या पुस्तकांचं कपाट आहे त्याचं.

चौथा सवाल. या पूर्णत्वाची मजुरी कुणाला मिळाली?

पोर्टमनबाईंनी मेहनत केली, यात शंका नाही. पण अवघड नाचासाठी तिच्या जागी दुसरी नर्तिका होती, सारा लेन. २०११ साली ती बोलली की पूर्ण अंग दिसतं ती बहुतेक दृश्यं माझी आहेत. दिग्दर्शक म्हणाला, नाही, नाचाची १३९ दृश्यं, त्यातली १११ पोर्टमनची आणि २८ लेनची. कुणाचं खरं यात मी पडत नाही. पण ती बाई तोंड उघडून बोलली म्हणून तो २८ चा आकडा तरी बाहेर आला. न बोलणाऱ्यांचा आकडा शून्य असतो.

त्याहून पुढचं ऐका. या सिनेमाच्या कामावर बिनपगारी पोरं राबवली होती. 'इंटर्न' म्हणजे शिकाऊ म्हणायचं. चहा-कॉफी आणा, जेवणाची यादी घ्या, कचरा उचला, हिशेबाचे कागद लावा. पगार काही नाही, अनुभव मिळतो ना! त्यातल्या दोन तरुणांनी २०११ साली फॉक्स सर्चलाइट कंपनीवर न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा ठोकला. २०१३ साली न्यायाधीशानं म्हटलं, हे कामगारच आहेत. २०१५ साली वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला, म्हटलं, आधी बघा जास्त फायदा कुणाचा होतो. २०१६ साली तडजोड झाली. सिनेमाचा खर्च सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर. जगभरची कमाई ३२ कोटी डॉलरच्या वर. जास्त फायदा कुणाचा झाला ते काढायला कोर्ट लागत नाही, पाटी-पेन्सिल पुरते.

याला आपल्याकडं जुना शब्द आहे. वेठ. वतनदार म्हणायचा, तुला मान आहे. इथं म्हणतात, तुला अनुभव आहे. मानावर आणि अनुभवावर चूल पेटत नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल आणलं ते यासाठीच. त्यांना आपल्या लोकांचा मान नको होता, आपल्या लोकांची मोकळीक हवी होती. उद्या कुणी 'कलेच्या सेवेसाठी' फुकट राबायला बोलावलं तर ही गोष्ट आठवा.

काही मित्र मला म्हणतील, अरे, सिनेमा याच्या बाजूनं नाही, विरुद्ध आहे. पूर्णत्वाचं वेड माणसाला कसं मारतं हेच तो दाखवतो. मी यावर आठ दिवस विचार केला. अर्धं बरोबर आहे. सिनेमा भीती दाखवतो. लेरॉयचा हात दाखवतो, आईची कात्री दाखवतो. पण शेवटी कॅमेरा कुठं जाऊन थांबतो? पोरीच्या रक्ताळलेल्या सुखावर. लेरॉयला सवाल नाही. कंपनीला सवाल नाही. डॉक्टर कुठाय असं विचारायला कुणाला सुचतं ते फार उशिरा. सगळा रोग पोरीच्या डोक्यात आणि आईच्या घरात कोंडून ठेवलाय. मालक मोकळा. आमच्याकडं कामगाराचं बोट यंत्रात गेलं की पहिला प्रश्न असतो, तुझं लक्ष कुठं होतं? तसंच हे. आणि म्हणूनच हॉलमध्ये टाळ्या पडल्या. सिनेमा खरोखर विरुद्ध असता तर सरांना त्यातून आमच्या पोरीला द्यायला उपदेश सापडला नसता.

आता आपल्यातल्यांना दोन शब्द. राग आला तरी चालेल.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, चला, म्हणजे कसंही लिहिलं तरी चालतं, दहा घोषणा एकाखाली एक टाकल्या की कविता झाली. नाही, दोस्तांनो. हे मी लिहू देणार नाही. रिंगफ्रेमवर धागा तुटतो. चाती थांबवायची, बॉबिनवरचं टोक शोधायचं, वरून येणाऱ्या रुईला लावायचं. एका दमाचं काम. जोड कच्चा बसला तर ते माझ्या मुकादमाला दिसत नाही. सूत पुढं जातं. कुठंतरी मागावर माझ्यासारखाच एक कामगार उभा असतो, तिथं ते तुटतं. त्याचा माग थांबतो, त्याची मजुरी जाते. म्हणून मी जोड नीट मारतो. मालकासाठी नाही. त्या न बघितलेल्या भावासाठी.

माझ्या लेखी चांगल्या कामाचं माप हे एवढंच. पुढच्या माणसाच्या हातात धागा टिकला पाहिजे. कविता वस्तीतल्या बाईच्या हातात टिकली पाहिजे, वसतिगृहातल्या पोराच्या छातीत टिकली पाहिजे. त्यासाठी शब्द दहा वेळा खोडा, वीस वेळा खोडा. जागा, वाचा, शब्दकोश झिजवा. बाबासाहेब रात्र रात्र वाचत बसले ते कुणा लेरॉयनं पसंत करावं म्हणून नव्हे. ते स्वतःला जाळत नव्हते, हत्यार घासत होते. यातला फरक ज्याला कळत नाही त्यानं आम्हाला साधना शिकवू नये. आपली माणसं फुकट मरत आली, गटारात, शेतात, यंत्रात. आता कलेतही मरून दाखवा म्हणता? नाही दाखवणार. आम्ही जगून दाखवणार. चुकत, दुरुस्त करत.

आणि ताई, तू. हो, तुला ताईच म्हणतो, वयानं लहान असलीस तरी. तुझी वही माझ्याकडं आहे. बावीस पानं वाचता येतात. वाचली. पाचव्या पानावरची पाण्याच्या टँकरची कविता पक्की आहे, तिला हात लावू नकोस. अकराव्या पानावरच्या कवितेचा शेवट कच्चा आहे, तिथं तू दुसऱ्याच्या आवाजात बोललीस. ते मी तुला तोंडावर सांगणार. रविवारी बुद्धविहारात ये. आम्ही सगळे येतोय, आपापल्या खोडाखोडीच्या वह्या घेऊन. तुझ्या आईलाही घेऊन ये. तिला वाचता येत नाही, पण काय जळू द्यायचं नाही ते तिला आपल्या सगळ्यांपेक्षा आधी कळलं.

सरांनाही निरोप आहे. यायचं तर या. बसायला सतरंजी आहे. लाल पेन घरी ठेवा.

जयभीम.